पहिली स्की-सहल, आणि मुलं सात आणि चार वर्षांची

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सात वर्षांची, मुलगा चारचा. पाच दिवसांची सहल ठरली आहे. बाबांनी तरुणपणी थोडंफार स्कीइंग केलंय, आई बर्फावर कधी उभीसुद्धा राहिलेली नाही. मुलांना आपणच शिकवावं की स्की स्कूलमध्ये घालावं? चार हे वय फार लवकर तर नाही ना? सामान विकत घ्यावं की भाड्यानं? आणि पाच दिवसांत दोघं कुठवर पोहोचतील?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्यावरूनच ठरतं. मुलगी पाचव्या दिवशी सर्वात सोप्या उतारावरून दोन्ही बाजूंना वळत, हवं तिथे थांबत खाली येईल, अशी शक्यता चांगली आहे. मुलगा बहुतेक तेव्हाही पायथ्याच्या सपाट मैदानातच असेल. थोडं घसरेल, जास्त लोळेल, मध्येच बसून बर्फ खाईल. हे अपयश नाही, त्या वयाचं वेळापत्रकच तसं असतं. मी लहान मुलांनाच स्की शिकवते आणि पालकांना एकच सांगत असते: पहिल्या सहलीत मुलाला किती आलं हे मोजू नका, ते पुन्हा यायला तयार आहे का एवढं बघा. आणि ते उतारावर कमी ठरतं. बुटाच्या आत, हातमोज्यात आणि घड्याळात जास्त ठरतं.

वयाबद्दल. तीनच्या आतल्या मुलाच्या पायाला मी स्की बांधत नाही. शरीराच्या मानानं डोकं मोठं, पाय आखूड, सगळा तोल वरच्या अंगाला. शिवाय पायाची बोटं गार पडली हे त्याला सांगता येत नाही, ते नुसतं रडतं. चारच्या पुढे वाढदिवसापेक्षा मुलाकडे बघा. एका पायावर दोन-चार सेकंद उभं राहतं का, आईबाबा नजरेआड असताना तासभर रमतं का, शू लागल्याचं वेळेत सांगतं का, आणि ‘थांब’ म्हटल्यावर थांबतं का. यातलं शेवटचं जमत नसेल तर बाकीची तिन्ही असूनही थांबा. त्याला बर्फात खेळू द्या, स्की पुढच्या वर्षी. तुमचं एकच मूल असतं, तेही तीन-साडेतीनचं, आणि अशी सहल फार वर्षांनी एकदाच होणार असती, तर मी सरळ ‘दोन वर्षं थांबा’ म्हटलं असतं. पण सात वर्षांची ताई जाणारच आहे, तर धाकट्यालाही न्या. फक्त त्याचा बेत वेगळा आखा. ताईच्या बेतात त्याला कोंबू नका.

आता शिकवायचं कोणी? मी स्की स्कूलच्या बाजूची आहे म्हणून नाही, पण पहिले दोन-तीन दिवस तरी बाबांनी शिकवू नये. थोडंफार स्की येणं वेगळं आणि चार वर्षांच्या मुलासमोर उलट्या तोंडानं, म्हणजे उताराकडे पाठ करून, हळूहळू घसरत त्याला खाली आणणं वेगळं. ते ज्याला सहज जमत नाही त्यानं मुलाला उतारावर नेऊ नये.

एक दृश्य रोज दिसतं. मुलगी सुरुवातीच्या उतारावर उभी, बाबा वरच्या अंगाला. ती निघते, बाबा ओरडतात, ‘गुडघे वाक, गुडघे!’ हाक आली म्हणून ती मान वळवून त्यांच्याकडे बघते. मान वळली की खांदे वळतात, अंग मागे जातं, वजन टाचांवर येतं, आणि स्की तिच्या खालून पुढे पळतात. धप्प. बाबांना वाटतं ऐकत नाही. तिनं तर ऐकलं म्हणूनच ती पडली. इन्स्ट्रक्टर नेहमी खालच्या बाजूला उभा असतो तो यासाठी. मुलाला जिकडे जायचंय तिकडेच त्याची नजर राहायला हवी. आणि ‘गुडघे वाक’ म्हटलं की लहान मूल बसतं, खुर्चीत बसल्यासारखं, वजन आणखी मागे. त्यापेक्षा ‘हात गुडघ्यांवर ठेव’ म्हणा, किंवा ‘नडगीनं बुटाची जीभ दाबून तिला चपटी कर’. अंग आपोआप पुढे येतं.

मुलाला आपल्या दोन पायांच्या मध्ये धरून उतरणारे पालकही भरपूर असतात. कृपा करून ते करू नका. पडलात तर प्रौढ माणसाचं पूर्ण वजन आणि दोन धारदार स्की मुलावर येतात. मुलाच्या कमरेला बांधून मागून धरायच्या पट्ट्यांबद्दलही विचारलं जातं. ज्याला स्वतःला उत्तम स्की येतं त्याच्या हातात तो पट्टा चेअरलिफ्टनं, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या खुर्चीनं, गेल्यावर खाली येताना मुलाचा वेग आवरायच्या कामी येतो. पण मूल त्या पट्ट्यावर रेलायला शिकतं, थांबणं आपलं काम नाही असं समजून बसतं, आणि पट्टा सुटला की सगळं पहिल्यापासून. तुमच्या घरात तो नकोच. दोन स्कींची टोकं जोडणारी रबरी क्लिप मात्र उपयोगाची आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मांड्यांत टाचा बाहेर फाकवून धरायची ताकद नसते, स्की एकमेकींपासून दूर पळतात. क्लिप लावली की टोकं जवळ राहतात आणि मुलाला फक्त टाचा ढकलायच्या राहतात. एक-दोन दिवस वापरा, मग काढून टाका.

ग्रुप की प्रायव्हेट? मुलीला ग्रुप, दुसरा विचारच नको. सात वर्षांची मुलं सांगून कमी आणि शेजारच्याला बघून जास्त शिकतात. मुलासाठी आधी चौकशी करा: एका इन्स्ट्रक्टरकडे किती मुलं, आत ऊब घ्यायला खोली आहे का, शूला कोण नेतं, आणि मूल अजिबात रमलं नाही तर पालकांना बोलावतात का. या चारांची उत्तरं नीट मिळाली तर ग्रुप. मुलगा फारच बुजरा असेल तर पहिल्या दिवशी एक तासाचं प्रायव्हेट घ्या, दुसऱ्या दिवसापासून ग्रुप. भावंडांना एकाच ग्रुपमध्ये मागू नका. ताईला भावाची राखण करावी लागते आणि भावाला ताईइतकं आलं नाही याचं दुःख, दोघांचाही दिवस वाया.

सोडताना रडारड होईल, धरून चाला. नाव सांगा, शेवटची शू कधी झाली ते सांगा, शू आणि तहान यांसाठी घरात काही खास शब्द असतील तर ते सांगा, आणि निघा. कुंपणाला टेकून हात हलवत उभं राहू नका. तुम्ही दिसत असेपर्यंत मुलाला रडायला कारण आहे. वळणापलीकडे गेलात की बहुतेक मुलं पाच मिनिटांत बर्फाच्या गोळ्यांमागे लागतात. त्याच वेळात आईनंही स्वतःचा लेसन घ्यावा. आई पडते, उठते, हसते हे मुलांनी बघितलं तर त्यांचं निम्मं भय जातं. फक्त दोघांपैकी एकाचा फोन चालू आणि तो माणूस पायथ्याजवळ, एवढं सांभाळा. थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते, तो आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा.

आता बूट. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण माझ्यासमोर रडणाऱ्या मुलांपैकी बरीचशी बुटापायी रडत असतात आणि पालकांना वाटतं त्यांना स्की आवडत नाही.

स्की-बुटाचं माप पायाच्या लांबीवर, सेंटिमीटरमध्ये असतं. त्याला मोंडोपॉइंट म्हणतात. निघण्यापूर्वी घरीच मुलाला कागदावर उभं करा, टाच भिंतीला टेकवा, अंगठ्यापाशी खूण करा आणि दोन्ही पायांची मापं लिहून घ्या. दुकानात बुटाचा आतला मऊ भाग काढायला सांगा. नुसत्या प्लास्टिकच्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवली की टाचेमागे एक ते दोन सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. त्याहून जास्त नको. शाळेचे बूट वाढत्या मापाचे घेतो तसे हे घेऊ नका. सैल बुटात पाय मागेपुढे सरकतो, मूल तो धरून ठेवायला बोटं आवळतं, आवळलेली बोटं गार पडतात, आणि वळायला पाय फिरवला तर पायच फिरतो, बूट नाही. ‘घट्ट होतंय का?’ या प्रश्नाला मुलं काहीही उत्तर देतात. त्याऐवजी बूट बंद करून पुढे वाकायला सांगा आणि टाच वर उचलता येते का ते विचारा. उचलली जात असेल तर एक नंबर लहान मागा. एक गंमत अशी की १८ आणि १८.५ या मापांचं बाहेरचं कवच बहुतेक कंपन्यांत एकच असतं, तेव्हा अर्ध्या नंबरावरून वाद घालत बसू नका.

बुटात मोजा एकच. गुडघ्यापर्यंत येणारा, पातळ किंवा मध्यम जाडीचा, लोकरीचा किंवा सिंथेटिक. सुती नको, सुती मोजा घाम पितो आणि ओलाच राहतो. दोन मोजे घातले तर ऊब दुप्पट होईल असं वाटतं आणि होतं उलट. पाय दाबला जातो, रक्त नीट फिरत नाही, हवेचा थर राहत नाही.

नेहमीचा प्रकार सांगते. वर्गात एखादा मुलगा दहा मिनिटांतच खाली बसतो, ‘मला घरी जायचंय’ सुरू करतो. मी त्याला आत नेते, बूट काढते. थर्मल पँट बुटाच्या आत खोचलेली, तिची एक घडी बरोबर नडगीवर, वरून बकल गच्च. कातडीवर लालभडक रेघ उमटलेली. पँट गुडघ्याखाली वर सारायची, मोजा टाचेपासून ताणून सपाट करायचा, बूट पुन्हा घालून वरचं बकल एक खाच सैल. मुलगा परत बाहेर. वाक्यच बदललेलं असतं: ‘आता माझी पाळी कधी?’ म्हणून बुटाच्या आत मोज्याशिवाय काही म्हणजे काही जाऊ देऊ नका. स्कीच्या पँटला आतून जी इलॅस्टिकची झालर असते ती बुटाच्या बाहेरून, वरून खाली ओढायची असते. बरेच पालक तीही आत कोंबतात.

रात्री बूट गाडीत ठेवू नका. सकाळपर्यंत प्लास्टिक दगडासारखं होतं आणि चार वर्षांच्या पायाला त्यात घालताना दोघांचे डोळे भरून येतात. खोलीत आणा, ओलसर असेल तर आतला भाग काढून सुकू द्या, पण हीटरला टेकवून नको.

स्कीच्या लांबीचं फार मनावर घेऊ नका. नव्या मुलाला छाती ते हनुवटी एवढी लांबी बास. सात वर्षांची मुलगी धीट असेल तरी पहिल्या आठवड्यात हनुवटीच्या वर जाऊ नका. काठ्या, म्हणजे पोल, दोघांनाही नकोत. हात गुंततात, मूल त्यांवर रेलून थांबायला बघतं, आणि शेजारच्याला टोचतात ते वेगळंच.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका, तो मात्र मनावर घ्या. पडल्यावर बूट स्कीपासून सुटला पाहिजे, नाहीतर लांब स्की पायाला पिळते आणि नडगीचं हाड जातं. किती जोराला सुटायचं हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून तक्त्यात बघून ठरवतात; नऊ आणि त्याखालच्या वयाला तक्त्यातच आणखी सैल मापाची सोय आहे. दुकानदारानं वजन विचारलं की खरं सांगा. ‘वीस असेल’ असा अंदाज नको, निघण्यापूर्वी काट्यावर उभं करा. आणि फॉर्मवर पद्धत विचारतात तिथे दोघांसाठीही ‘सावकाश, नवशिके’ हाच रकाना. मुलीला कितीही वाटलं की ती पटाईत होणार आहे, तरी. मध्येच कुणी हौशी ओळखीच्यानं ‘स्की फार सुटतेय, थोडं घट्ट करून देतो’ म्हटलं तर स्क्रूड्रायव्हर खिशातच ठेवायला सांगा आणि दुकानात जा. बहुतेक वेळा स्की सुटण्याचं कारण बुटाच्या तळव्याला चिकटलेला बर्फ असतो. स्की घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी तळवा खरवडून काढायचा.

हेल्मेटबद्दल चर्चाच नको. काही देशांत मुलांना ते कायद्यानं सक्तीचं आहे, पण नसलं तरी घालायचं. युरोपात ईएन १०७७ आणि अमेरिकेत एएसटीएम एफ २०४० हे स्कीच्या हेल्मेटचे मानक आहेत. आत स्टिकरवर छापलेलं असतं. सायकलचं हेल्मेट चालत नाही. खाली जाड टोपी घालू नका, त्यामुळे ते वर उचललं जातं आणि हलतं. हेल्मेटची पुढची कड आणि गॉगलची वरची कड यांत कपाळाची पट्टी उघडी राहत असेल तर हेल्मेट नीट बसलेलं नाही किंवा मागे सरकलंय. मफलर नको. लिफ्टच्या सरकत्या पट्ट्यात, खुर्चीत अडकतो. गळ्यात ओढून घ्यायचा नेक वॉर्मर घ्या आणि तो एक जास्तीचा ठेवा, कारण नाक-लाळेनं तो तासाभरात भिजतो.

हातांसाठी पाच बोटांचे मोजे घेऊ नका, मिटन घ्या, म्हणजे अंगठा वेगळा आणि बाकीची बोटं एकत्र. बोटं एकमेकांना ऊब देतात आणि घालायला सोपे. चार वर्षांच्या मुलाची पाच बोटं पाच खोबणीत बसवून बघा, सकाळचा पाव तास तिथेच जातो. लांब मनगटाचे, वॉटरप्रूफ, आणि दोन जोड. बर्फाशी खेळणाऱ्या मुलाचा पहिला जोड जेवणापर्यंत ओला होतोच. कपड्यांचं बाकी सोपं आहे: आत थर्मल, मध्ये फ्लीस, वर वॉटरप्रूफ. मुलासाठी पूर्ण एकसंध सूट छान दिसतो आणि बर्फ आत जात नाही, पण शूच्या वेळी नाकी नऊ येतात. मी खांद्यावर पट्टे असलेली पँट आणि वेगळं जॅकेट सुचवेन. आणि नियम पक्का: बूट चढवण्याआधी शू, लागलेली असो-नसो. येता-जाता गाडीच्या सीटमध्ये मात्र जाड जॅकेट काढूनच पट्टा लावा. फुगीर कपड्यावरून लावलेला पट्टा धडकेच्या वेळी सैल पडतो. जॅकेट वरून पांघरा.

हे सगळं सामान घरी अंगावर चढवून बघणं फायद्याचं. आठवडाभर आधी हेल्मेट, गॉगल, मिटन घालून मुलांना घरात धिंगाणा घालू द्या. नवेपणा तिथेच संपला तर बर्फावर एक भांडण कमी.

आता उतार. पहिला अर्धा तास उतारच नाही, सपाटी. आधी नुसते बूट घालून चालायचं, मग एका पायात स्की, मग दुसऱ्या, मग दोन्ही. पडायचं आणि उठायचं मुद्दाम शिकायचं: स्की उताराला आडव्या, अंग वरच्या बाजूला, मग हातांवर जोर. स्की उताराच्या दिशेनं असतील तर उठता-उठताच मूल निघून जातं. मग टोकं जवळ, टाचा लांब, इंग्रजी ‘व्ही’ उलटा धरावा तसा आकार. मुलं त्याला पिझ्झा म्हणतात. पिझ्झा मोठा केला की वेग कमी, आणखी मोठा केला की थांबायचं. वळण त्यानंतर. पालकांना वळणं बघायची घाई असते, पण थांबता न येणाऱ्या मुलाला वळता येऊन उपयोग काय?

वर जायला आधी मॅजिक कार्पेट, म्हणजे सरकता पट्टा. स्की समांतर, पुढे बघायचं, खाली बसायचं नाही, पुढच्याशी अंतर. वर पोहोचलं की लगेच बाजूला व्हायचं, नाहीतर मागचा येऊन आदळतो. चेअरलिफ्टला कधी न्यायचं? मी सांगेन त्या जागी थांबता येतं, दोन्ही बाजूंना वळता येतं, आणि वरून येणारा रस्ता पूर्णपणे सर्वात सोप्या वर्गाचा आहे, या तिन्हींना हो असेल तेव्हा. यातलं तिसरं पालक विसरतात. वर गेल्यावर कळतं की खाली यायला त्याहून अवघड उतार आहे. नकाशा खालीच बघा. अमेरिकेत सर्वात सोपा हिरवा गोल, मग निळा चौकोन, मग काळा, पत्त्यातल्या चौकटसारखा आकार. युरोपात हिरवा, निळा, लाल, काळा, पण काही देशांत हिरवा नसतोच, निळ्यापासून सुरुवात. आणि हे रंग त्या-त्या डोंगराच्या हिशेबानं दिलेले असतात; एका ठिकाणचा निळा दुसरीकडच्या निळ्याएवढा सोपा असेलच असं नाही.

चेअरलिफ्टवर चढताना लिफ्टच्या माणसाला आधीच हातानं खूण करा की लहान मूल पहिल्यांदा आहे. तो वेग कमी करतो, लागलं तर उचलून बसवतो. मूल त्या माणसाच्या बाजूच्या टोकाला बसवा. पाठीवरची सॅक काढून पुढे घ्या. मुलाची पाठ खुर्चीला टेकली पाहिजे, लगेच दांडी खाली, आणि मग कोणतीही गोष्ट खाली पडली तरी वाकायचं नाही, मिटनसुद्धा नाही. आणि एक ऐकायला कठीण गोष्ट. मूल नीट बसलं नाही, घसरायला लागलं आणि खुर्ची अजून जमिनीलगत असेल, तर दंडाला धरून लटकत वर नेऊ नका. ओरडा, लिफ्ट थांबवायला सांगा, आणि तिथेच सोडून द्या. अर्ध्या मीटरवरून मऊ बर्फात पडणं परवडतं. पुढे खुर्ची झपाट्यानं उंच जाते. धाकट्याला या सहलीत चेअरलिफ्ट नाहीच लागली तर उत्तम.

उतारावरचे नियम मुलीला दोनच सांगा. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची दहा कलमी आचारसंहिता १९६७ पासून आहे, तिचं मर्म एवढंच: पुढे असलेल्याचा हक्क पहिला, मागून येणाऱ्यानं वाट काढायची, आणि थांबायचं तर कडेला, वरून दिसेल अशा जागी. मुलं नेमकी उंचवट्याच्या पलीकडे, मधोमध बसतात. मूल पडलं तर तुम्ही त्याच्या वरच्या बाजूला आडवे उभे राहा, म्हणजे येणाऱ्यांना आधी तुम्ही दिसाल.

दिवस किती मोठा? मुलासाठी सकाळी तास-दीड तास, जमलं तर दुपारी अर्धा तास. मुलीसाठी सकाळचे दोन-अडीच तास आणि दुपारी ती मागेल तेवढंच. दिवसभराचा लिफ्ट-पास घेतलाय म्हणून वसूल करायला जाऊ नका. मुलांचं इंधन अचानक संपतं. आत्ता हसत होतं आणि पुढच्या फेरीत काहीही कारण नसताना दोनदा पडलं, पिझ्झा लहान झाला, नाक वाहतंय पण पुसत नाही, ही खूण आहे. तिथे ‘एक शेवटची फेरी’ हे वाक्य उच्चारू नका. दुपारी उजेड तिरका होतो, उन्हानं मऊ झालेला बर्फ परत कडक व्हायला लागतो, गर्दी थकलेली असते. खिशात खाऊ ठेवा, थोडा-थोडा द्या. आणि पाणी, थंडीत तहान जाणवत नाही, पण कोरड्या हवेत अंगातलं पाणी जातच असतं.

तिसरा दिवस सुट्टीचा ठेवा. पहिले दोन दिवस उत्साहावर जातात, तिसऱ्या दिवशी पाय भरून येतात आणि घरभर कुरकुर. त्या दिवशी बर्फात किल्ला करा, उशिरा उठा. चौथ्या दिवशी मुलं तीच, पण शरीरानं काहीतरी रिचवलेलं असतं. दोन दिवस न जमलेलं थांबणं त्या दिवशी एकदम जमताना मी पुष्कळदा पाहिलंय.

थंडीचं. मुलांचं वजनाच्या मानानं अंगाचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे ती आपल्यापेक्षा लवकर गारठतात. आणि वर्गात ती पाळी येईपर्यंत नुसती उभी असतात. गाल, नाक, कानाची पाळी दर फेरीला बघा. पांढुरका, मेणासारखा ठिपका दिसला तर आत न्या, आपला उघडा, गरम तळहात नुसता ठेवा. चोळू नका, बर्फानं तर मुळीच नाही. वारं असेल तर तापमानाच्या आकड्यावर विसंबू नका. चेअरलिफ्टवर बसलेल्या मुलाला तो वारा पूर्ण लागतो.

उन्हाचं लोक विसरतात. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणजे ऊन खालूनही येतं. हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेला, कानांमागे सनस्क्रीन लावा, ढगाळ असलं तरी. ओठांना वेगळं. गॉगल किंवा चष्म्याशिवाय बर्फावर खेळूही देऊ नका. डोळ्यांची जळजळ संध्याकाळी सुरू होते आणि रात्रभर चालते.

मुक्काम अडीच हजार मीटरच्या वर असेल तर पहिला दिवस हलका ठेवा. लहान मूल ‘डोकं दुखतंय’ म्हणत नाही. ते चिडचिडं होतं, जेवत नाही, खेळत नाही, ओकतं, रात्री झोपत नाही. उत्साहावर विरजण पडलं म्हणून समजूत घालत बसण्यापेक्षा उंचीचा संशय घ्या. स्की बंद, आणि वाढत असेल तर वाट न बघता खाली उतरा. सर्दी असलेल्या मुलाचे कान गोंडोल्यात, म्हणजे तारेवरच्या बंद डब्यात, आणि घाटात दुखतात. घोट-घोट पाणी पाजा किंवा चघळायला काही द्या.

पडून पायावर उभं राहायला नकार दिला तर ‘नाटक करतोय’ म्हणू नका, स्की पॅट्रोलला, म्हणजे उतारावरच्या मदत पथकाला, बोलवा. नडगीचं हाड मोडलं तरी मूल कधीकधी फार रडत नाही, फक्त उभं राहत नाही. डोक्याला मार बसला तर तो दिवस तिथेच संपला, मूल कितीही ठीक वाटलं तरी. ओकारी, गुंगी, विचित्र वागणं दिसलं तर डॉक्टर. आणि ते हेल्मेट बाद. विम्यात हिवाळी खेळ आणि डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च धरलाय का, हे निघण्यापूर्वी वाचून घ्या. साध्या प्रवास-विम्यात तो पुष्कळदा नसतो. मुलांच्या जॅकेटच्या आतल्या खिशात नाव, तुमचा फोन नंबर आणि मुक्कामाचं ठिकाण लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

राहिलं विकत की भाड्यानं. हेल्मेट, गॉगल, मिटन आणि मोजे विकत घ्या. ते डोक्याला आणि हाताला नेमके बसायला हवेत, आणि भाड्याचं हेल्मेट आधी कुठे आपटलंय ते कळत नाही. स्की आणि बूट भाड्यानं, कारण या वयात पाय वर्षभरात एक-दोन नंबरांनी वाढतो. भाड्याचे बूट आदल्या संध्याकाळी घ्या, खोलीवर पंधरा मिनिटं घालून टीव्ही बघायला बसवा, आणि काढल्यावर नडगी, घोटा, करंगळी तपासा. लाल डाग असेल तर सकाळी दुकान उघडताच बदला. बुटाबरोबर बाइंडिंगचं मापही पुन्हा लावून घ्यायचं, कारण तळव्याची लांबी बदललेली असते.